झरोका ते एक्झॉस्ट फॅन : आपल्या न्हाणीघराचा इतिहास



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यायलाच हवा, आणि तो या अंकात आहेच. नोंदणी, जमीन, पहिला रस्ता, पहिला विजेचा खांब, बोअरवेल, हे सगळे अध्यक्ष-सचिवांच्या मनोगतात आपण वाचाल. संपादक मंडळाने मला "जुन्या काळाबद्दल काहीतरी लिहा" म्हटले, तेव्हा मी आपल्या घरातली सर्वांत लहान खोली निवडली. न्हाणीघर, म्हणजे आजच्या भाषेत बाथरूम.

हा विषय घेण्याला कारण आहे. गेल्या काही पावसाळ्यांपासून आपल्या सभांमध्ये पाणी आणि दिवाबत्तीच्या खालोखाल एकच तक्रार ऐकू येते. "बाथरूमच्या छताला काळं येतं, रंग मारला तरी परत येतं." कोणी रंगाला दोष देतो, कोणी मिस्त्रीला. माझ्या मते खरे कारण थोडे जुने आहे. आपली न्हाणी घराबाहेरून घरात आली, पण तिच्यासोबत जी हवा यायला पाहिजे होती ती अर्ध्या वाटेत राहून गेली. हे कसे झाले ते समजले, तर उपाय निवडणे सोपे जाईल.

वाडीतली न्हाणी

माझ्या पिढीने सिहोऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत जी घरे पाहिली ती मातीच्या भिंतींची, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे वाडी. आंग धुवायची जागा मागच्या वाडीत. एक मोठी सपाट फरशी, शेजारी पाण्याचे रांजण, तीन बाजूंनी बांबूचा तट्टा आणि वर मोकळे आकाश. पाणी चुलीवर तापायचे, बादलीत विसण घालून आंग धुवायचे, आणि सांडपाणी केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात जायचे. गडीमाणसे तर विहिरीवर नाहीतर तलावावरच उरकायची. बावनथडीच्या काठच्या गावांना नदी होतीच.

या न्हाणीत वाफ नावाचा प्रश्नच नव्हता. वाफ निघाली की वर गेली. फरशी दोन तासांत उन्हाने खडखडीत वाळायची. बुरशी धरायला ओल टिकतच नव्हती.

पण ही व्यवस्था कोणाला सोयीची होती? बायकांना नक्कीच नव्हती. अंधार असतानाच उठून, तट्ट्याच्या आड, लुगडे अंगावर ठेवूनच त्यांना आंघोळ उरकावी लागे. बाळंतीण असो की म्हातारी, पावसाळ्यात चिखल तुडवत मागे जायचे, थंडीत कुडकुडत परत यायचे. साप-विंचवाची भीती वेगळीच. न्हाणी घरात यावी ही पहिली मागणी बायकांची होती आणि ती शंभर टक्के रास्त होती. म्हणून "जुनं तेच बरं होतं" असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन, की वाडीतल्या न्हाणीला हवा फुकट मिळत होती. घरातल्या न्हाणीसाठी ती मुद्दाम आणावी लागते. हे आपल्याकडे सर्वांत आधी कळले ते मुंबईला, आणि फार मोठी किंमत मोजून.

मुंबईचा प्लेग आणि साडेत्रेसष्ट अंश

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लोक मुंबई सोडून पळत सुटले. मांडवीसारख्या भागात घराला घर चिकटलेले, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही, मोरीचे पाणी तुंबलेले, भरदुपारी दिवा लावावा लागे. कोंदट हवा आणि अंधार यांतूनच रोग फैलावतो असे तेव्हाच्या सरकारचे मत झाले, आणि १८९८ मध्ये कायदा करून मुंबई सुधार न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला.

गंमत अशी, की त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे सरकारचे कारण चुकले होते. पण त्या चुकलेल्या कारणातून निघालेला नियम मात्र बरोबर ठरला. दाटीच्या, अंधाऱ्या, ओल्या खोलीत प्लेग नाही तरी क्षय आणि दमा सुखाने नांदतात.

तो नियमही पाहण्यासारखा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा जोरदार पुरस्कार केला. नाव अवघड आहे, हिशोब सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा तुमच्या खिडकीसमोर पाहिजे. समोर ३० फुटांची भिंत असेल तर मध्ये १५ फूट मोकळे सोडा. तेवढे सोडले तर उजेड आणि वारा तळमजल्यापर्यंत पोचतो. आज आपण बांधकामात जी बाजूची मोकळी जागा सोडतो, त्यामागचा विचार हाच.

सहकाराने घरात आणलेली न्हाणी

याच काळात आपल्यासारख्या संस्थांचा जन्म झाला. १९०४ च्या कायद्याने फक्त पतसंस्था काढता येत होत्या. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. त्याचा फायदा घेऊन रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात इथून धरतात. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला विशेष वाटते ते हे, की याच तालमकींनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. आधी बचत, मग घर, असा तो क्रम होता.

तेव्हा मुंबईत कामकऱ्यांचे घर म्हणजे चाळीतली एक खोली. कोपऱ्यात मोरी, संडास मजल्याच्या टोकाला सर्वांचा मिळून. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या २०७ इमारतींतही खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामायिकच. दादर-माटुंग्याकडे १९२० ते १९४० या काळात जे ब्लॉक उभे राहिले, त्यांत न्हाणी आणि संडास हे प्रत्येक घराच्या दाराआड आले. फ्लशचा संडास आला म्हणून हे शक्य झाले. त्याआधी टोपलीचा संडास घरात आणणे शक्यच नव्हते, आणि ती टोपली माणसाने वाहायची ही लाजिरवाणी प्रथा कायद्याने बंद व्हायला १९९३ साल उजाडावे लागले.

न्हाणी अशी घराच्या पोटात गेली आणि तिच्या श्वासाचा प्रश्न उभा राहिला. त्यावर शाफ्ट, म्हणजे इमारतीच्या मधून वरपर्यंत गेलेली उघडी विहीर, हा तोडगा निघाला. न्हाणीची छोटी खिडकी त्या विहिरीत उघडायची, वाफ आणि वास वर निघून जायचा.

नियम आपल्या दारापर्यंत

आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो. भंडारा मध्य प्रांतात. पण तो विचार १९३६ च्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या रूपाने आपल्याकडेही आला. पुढे १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६६ मध्ये राज्याचा नगररचना कायदा आला. १९७० मध्ये भारतीय मानक संस्थेने राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध केली. तिच्यानुसार न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटरचे हवे आणि त्याची निदान एक भिंत बाहेरच्या हवेला लागलेली हवी. २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत बाहेर किंवा शाफ्टमध्ये उघडणारी किमान ०.३ चौरस मीटरची, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फुटांची, खिडकी सांगितली आहे.

गृहकर्जाच्या प्रकरणांत मी असे नकाशे शेकड्यांनी पाहिले. नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. दरवाजाला डी, खिडकीला डब्ल्यू आणि व्हेंटिलेटरला व्ही. न्हाणीघराच्या भिंतीवर तो 'व्ही' हमखास लिहिलेला असायचा. घर पाहायला गेलो की मात्र कुठे व्ही जागेवर असायचा, कुठे त्याचा अर्धा भाग विटांनी बुजलेला, तर कुठे त्याच्यासमोर शेजाऱ्याची भिंत.

आपल्या वसाहतीची पंचवीस वर्षे

आपल्या संस्थेतही हेच घडले. पहिली घरे झाली तेव्हा न्हाणीला वरच्या बाजूला सिमेंटची जाळी होती, म्हणजे बारा महिने चोवीस तास उघडा झरोका. भिंतींना चुना. दर दिवाळीला तो नव्याने लागायचा. चुना तीव्र अल्कधर्मी, त्यावर बुरशी सहसा धरत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना हे शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते, पण चुना मारल्यावर भिंत 'निरोगी' होते हे त्यांना माहीत होते.

मग एकेक गोष्ट बदलत गेली, आणि प्रत्येक बदलाला चांगले कारण होते. जाळीतून डास येतात, पाल येते, म्हणून काचेच्या पट्ट्यांची खिडकी आली. डिसेंबर-जानेवारीत गार वारा लागतो म्हणून त्या पट्ट्या मिटल्या, त्या गंजून मिटलेल्याच राहिल्या. घरावर मजला चढला, शेजाऱ्यानेही चढवला, आणि दोन घरांमधली फट अंधारी झाली. चुना जाऊन ऑइल पेंट आला, छतापर्यंत टाइल आल्या, पाइप झाकायला प्लास्टिकचे खोटे छत आले. बादलीच्या जागी गीझर आणि शॉवर आला. संडास-बाथरूम एकत्र झाले. एका घरात चार माणसे लागोपाठ शॉवर घेतात, तेव्हा पहिल्याची वाफ जायच्या आत दुसरा आत शिरतो.

म्हणजे वाफ चौपट झाली आणि तिची वाट बंद झाली.

धान, कूलर आणि बुरशी

बुरशी कशी धरते हे सिहोऱ्याच्या माणसाला वेगळे शिकवायला नको. खरेदी केंद्रावर धान नेले की आधी ओलावा मोजतात, १७ टक्क्यांच्या वर असला तर घेत नाहीत. ओले धान पोत्यात भरून ठेवले तर आठ दिवसांत वास मारते. न्हाणीघराचे छत म्हणजे तसेच न वाळवता भरलेले पोते.

थोडा हिशोब मांडतो. ३५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत फक्त सुमारे १७ ग्रॅम. गरम वाफेची हवा थंड भिंतीला लागली की उरलेले पाणी तिथेच सुटते. आपली लहान न्हाणी चार घनमीटरची धरली, तर एका वेळची हवाच चहाच्या लहान कपाएवढे पाणी भिंतींवर टाकू शकते. म्हणून काळे डाग आधी छताच्या कोपऱ्यात आणि बाहेरच्या भिंतीवर दिसतात, कारण तीच जागा सर्वांत गार.

दुसरा दाखला कूलरचा. मे महिन्यात कूलर लावून खोलीच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या तर काय होते? अर्ध्या तासात आंग चिकचिकते. म्हणून आपण समोरची खिडकी उघडी ठेवतो. हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी, हा नियम प्रत्येक वैदर्भीय माणूस कूलरसाठी पाळतो. न्हाणीघरासाठीही तोच पाळायचा.

मग निवडायचे काय?

पहिली गोष्ट, डाग गळतीचा आहे की वाफेचा, हे ओळखा. गळतीचा डाग एका जागी, बहुधा पाइपाजवळ किंवा वरच्या मजल्याच्या न्हाणीखाली असतो आणि चार दिवस आंघोळ बंद ठेवली तरी ओलाच राहतो. वाफेचा डाग पसरलेला, ठिपक्याठिपक्यांचा, बोटाने पुसला जाणारा. गळतीला पंखा लावून उपयोग नाही आणि वाफेला वॉटरप्रूफिंग करून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, ज्यांचा झरोका अजून मोकळ्या हवेला लागलेला आहे, त्यांनी तो उघडा करावा. डासांसाठी बारीक जाळी बसवा, पण ती महिन्याला धुवा, नाहीतर धुळीने जाळीचीच भिंत होते. हा उपाय बिनखर्चाचा आणि बिनविजेचा आहे. वारा पडलेला असेल किंवा समोर भिंत असेल तिथे मात्र तो पुरत नाही.

तिसरी गोष्ट, अशा ठिकाणी एक्झॉस्ट फॅन. न्हाणीघराची हवा तासाला सहा ते दहा वेळा बदलावी असा साधारण हिशोब आहे. चार घनमीटरच्या खोलीला तासाला चाळीस घनमीटर झाले. बाजारातला सहा इंची पंखाही याच्या कितीतरी पट हवा फेकतो, तेव्हा मोठ्या पंख्याच्या मागे लागू नका. पाहायचे ते हे : पंखा छताजवळ आणि दाराच्या समोरच्या बाजूला असावा. त्याची हवा थेट बाहेर जावी, खोट्या छताच्या पोकळीत नव्हे. दाराखाली बोटभर फट असावी, कारण आत हवा आलीच नाही तर पंखा नुसता गरगरतो. आणि आंघोळीनंतर तो पंधरा-वीस मिनिटे चालू राहावा. विजेचा खर्च नगण्य आहे.

चौथी गोष्ट पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, पंख्याचा जोर कमी पडतो. तेव्हा आंघोळ झाली की वायपरने भिंत आणि फरशी निपटून घ्या. निम्मे पाणी तिथेच जाते. डाग पडलाच तर साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण वाळवून मगच रंग द्या. बुरशीवर रंग देणे म्हणजे बुडीत कर्जावर नवे कर्ज देण्यासारखे आहे, आकडा झाकला जातो, बाकी तशीच राहते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नका. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो आणि आतून कडी लावलेली असते. महाराष्ट्रात असे बळी गेल्याच्या बातम्या थंडीच्या दिवसांत आपण वाचतो. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे हा धोका टळला असेही समजू नका. हवा आत यायला वाट नसेल तर तोच पंखा गीझरचा धूर उलट खोलीत ओढू शकतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत, पाइपाने पाणी आत.

हा सगळा खटाटोप नुसत्या रंगासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा व श्वसनाचे विकार अधिक संभवतात असे स्पष्ट सांगितले. आपल्या वसाहतीत सकाळी शाळेच्या आधी मुले आणि दुपारी आम्ही म्हातारे, हेच त्या कोंदट खोलीत जास्त वेळ असतो.

एक सूचना

पंचवीस वर्षांत आपण रस्ता, पाणी, नाली, झाडे यांसाठी एकत्र आलो. रौप्यमहोत्सवी वर्षात आणखी एक छोटे काम हाती घ्यावे असे मी सुचवतो. कार्यकारिणीने प्रत्येक घराच्या मंजूर नकाशातला 'व्ही' आज जागेवर आहे का, उघडा आहे का, याची एक यादी करावी. दोन घरांमधल्या फटीवर पत्रे टाकले असतील तर दोन्ही सभासदांनी समजुतीने काढावेत. आणि यापुढे मजला चढवायचा अर्ज आला, की शेजाऱ्याच्या न्हाणीचा झरोका बुजत नाही ना, एवढे नकाशावर पाहूनच ना-हरकत द्यावी. स्वतःच्या भिंतीत भोक पाडणे प्रत्येकाच्या हातात आहे. त्या भोकासमोर मोकळी हवा ठेवणे मात्र शेजाऱ्याच्या हातात असते, आणि त्यासाठीच तर संस्था असते.